ट्युबरक्युलिनम : टीबीपासून बनवलेलं होमिओपॅथीचं औषध मुलाला दिलंय. कुणाला माहिती आहे का?

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. लेक सात वर्षांचा आहे. दर महिन्याला सर्दी, मग खोकला, मग ताप, मग शाळेला चिठ्ठी. खातो भरपूर, पण अंगाला काही लागत नाही. शेजारणीच्या सांगण्यावरून इथल्याच, सोलापुरातल्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं घसा बघतील, छाती तपासतील. ते राहिलं बाजूला, नुसते प्रश्न. झोपेत दात खातो का? कुत्र्यामांजराला घाबरतो का? गार दूध मागतो का? बाहेर फिरायला न्या म्हणून हट्ट करतो का? चिडला की वस्तू फेकतो का? पाठीच्या कण्यावर लव आहे का? घरात कुणाला टीबी झाला होता का?

माझं सगळ्याला 'हो'. टीबी सासऱ्यांना झाला होता, मिलमध्ये होते तेव्हा. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट.

डॉक्टर एकदम खूश. म्हणाले, "चित्र तंतोतंत जुळलं." चार बारीक गोळ्या तिथंच जिभेवर ठेवल्या आणि रोज घ्यायला एक बाटली दिली. कच्चा कांदा, लसूण, कॉफी, कापूर बंद.

चिठ्ठीवर 'ट्युबरक्युलिनम २००' लिहिलंय. ह्यांनी मोबाईलवर शोधलं तर टीबीच्या जंतूंपासून बनवतात म्हणे! सासूबाईंनी ते ऐकलं आणि डोक्याला हात लावून बसल्या. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. यातून मुलाला टीबी तर होणार नाही ना? आणि हे 'चित्र जुळणं' म्हणजे नक्की काय?

कडकभाकरी

लसूण बंद म्हणजे शेंगाचटणी बंद. ताई, तुमचं सदस्यनामच पथ्यात बसंना की वो.

दशमान

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठामपणे 'नाही'. २०० म्हणजे २०० सी. मूळ पदार्थाचा एक भाग शंभरात मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा शंभरात, असं दोनशे वेळा. बाराव्या वेळेच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरला असण्याची शक्यताही जवळपास संपते. दोनशेव्या पायरीला तो अंश एकावर चारशे शून्यं एवढ्या पटीने पातळ झालेला असतो. तुमच्या मुलाच्या जिभेवर साखर गेली. साखरेने टीबी होत नाही. जातही नाही.

गोड_गोळी

मी बीएचएमएस (होमिओपॅथीची पदवी) आहे, प्रॅक्टिस करते. टीबी होणार नाही, यावर दशमान यांच्याशी एकमत. (तारीख लिहून ठेवा.)

आता चित्राविषयी. रोगग्रस्त पदार्थापासून बनवलेल्या औषधांना आम्ही नोसोड म्हणतो. खरजेपासून सोरिनम, परम्यापासून मेडोऱ्हिनम, उपदंशापासून सिफिलिनम, कर्करोगाच्या गाठीपासून कार्सिनोसिन, तसं क्षयापासून ट्युबरक्युलिनम. औषध रोगाच्या नावावर दिलं जात नाही, माणसावर दिलं जातं. ट्युबरक्युलिनमचा माणूस असा: कुठेही मन रमत नाही. घर बदल, गाव बदल, डॉक्टर बदल. सारखी सर्दी, आणि दरवेळी 'कुठून झाली कळलं नाही'. भूक उत्तम, तरी हडकुळा. बंद खोलीत गुदमरतो, गार वारा हवा असतो. दमट हवेत सगळं वाढतं. रात्री घाम. मुलं हट्टी, आदळआपट करणारी, सकाळी उठल्या उठल्या चिडचिडी. लक्षणं सारखी बदलत राहतात, आज इथं दुखेल, उद्या तिथं. घराण्यात क्षयाचा इतिहास असेल तर हे औषध डोळ्यासमोर येतं. नीट निवडलेलं औषधही लागू पडेना, तेव्हा मध्ये नोसोडची एक मात्रा देतात आणि मग वाट बघतात. वारंवार द्यायचं औषध नाही हे.

पुण्यात_पळालेला

गाव बदल, नोकरी बदल, कुठेच मन रमत नाही... मॅडम, हे तर रेल्वेने दर रविवारी पुण्याला परतणाऱ्या अख्ख्या डब्याचं वर्णन झालं. स्टेशनवरच गोळ्या वाटा.

कडकभाकरी

आणि मे महिन्यात सोलापुरात गार दूध नको म्हणणारं एक पोरगं दाखवा, मी माझ्या खर्चाने त्याला हुरडा खाऊ घालतो.

(हुरडा जानेवारीत असतो हे मला माहीत आहे. तोवर पोरगं शोधा.)

अकलूजची_माई

हसा लेको. माझ्या नातीला हेच औषध दिलं होतं. दर पावसाळ्यात छाती भरायची, नेब्युलायझरशिवाय रात्र जायची नाही. त्यानंतर दोन पावसाळे बरे गेले. तुम्ही शून्यं मोजत बसा.

दशमान

माई, नात बरी झाली याचा आनंद आहे. पण पाच-सहा वर्षांच्या पुढे बऱ्याच मुलांची छाती भरायची आपोआप कमी होते. गोळी दिली नसती तर काय झालं असतं हे एका मुलावरून कळत नाही, त्यासाठी दोन सारखे गट लागतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये असे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी मिळाला नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

आणि गोड_गोळी, तुमचं 'चित्र' म्हणजे राशीभविष्य आहे. 'तुम्ही मनाने हळवे आहात पण वेळ आली तर कठोर होता.' कोण नाही म्हणेल? सात वर्षांचं मूल हट्टी, सर्दीचं गिऱ्हाईक आणि फिरायला हपापलेलं. यात क्षय कुठून आला?

गोड_गोळी

एकेक लक्षण सुटं घेतलं तर ते कुणालाही बसेल, मान्य. आम्ही त्यांची गुंफण बघतो. सोरिनमचंच घ्या. हाही सारखा आजारी, हाही भुकेला. पण हा इतका थंडीला भितो की उन्हाळ्यातही डोक्याला लोकरी टोपी. कातडी न धुतल्यासारखी मळकट, अंथरुणात ऊब आली की खाज. मध्यरात्री उठून खातो. आजारी पडायच्या आदल्या दिवशी त्याला कधी नव्हे इतकं छान वाटतं. आणि आपण बरे होऊ ही आशाच सोडलेली असते. ट्युबरक्युलिनमवाला उलट शेवटपर्यंत आशेवर असतो आणि खिडक्या उघडत सुटतो. आता सांगा, दोघांना एकच राशीभविष्य बसेल का?

कडकभाकरी

म्हणजे मे महिन्यात सोलापुरी चादर गुंडाळून बसलेला दिसला की सोरिनम. सोपं आहे की बे हे.

ते मेडो का काय, त्याचं चित्र काय असतं?

गोड_गोळी

मेडोऱ्हिनम: सदा घाईत, वेळ सरता सरत नाही, संध्याकाळनंतर तरतरी. तळपायांची आग, म्हणून पाय पांघरुणाबाहेर. लहान मुलं गुडघे पोटाशी घेऊन पालथी झोपतात. समुद्रकिनारी गेलं की बरं वाटतं.

कडकभाकरी

समुद्र? इथं? कंबर तलाव चालतो का बघा, डास मोफत.

नळदुर्ग

इतिहासाचा एक तुकडा टाकतो, कारण हे औषध गमतीशीर ठिकाणी जन्मलं आहे.

होमिओपॅथीचा जनक हानेमान, त्याचं तत्त्व 'सारख्याने सारखं बरं होतं' असं होतं. म्हणजे एखाद्या औषधाने निरोगी माणसात जी लक्षणं उठतात तसाच रोग ते औषध घालवतं. 'त्याच रोगाने तोच रोग' ही नंतरची शाखा. लाइपझिगचा लुक्स नावाचा गुरांचा डॉक्टर १८३३ च्या सुमारास तिचा पुरस्कर्ता होता. त्याच काळात हेरिंग या होमिओपॅथीच्या डॉक्टरने पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेपासून औषध केलं. पाश्चरची रेबीजची लस १८८५ ची, म्हणजे पन्नास वर्षं नंतरची. होमिओपॅथीवाले हे अभिमानाने सांगतात. फरक एवढाच की पाश्चरची लस चावलेल्या माणसाला वाचवते.

न्यूयॉर्कच्या स्वॅनने क्षयरोग्याच्या थुंकी-पुवापासून ट्युबरक्युलिनम केलं. लंडनच्या बर्नेटने रोग्याच्या फुफ्फुसातल्या क्षयग्रस्त भागापासून बॅसिलिनम केलं. अमेरिकेतल्या केंटने वापरलं ते क्षय झालेल्या गुरांच्या गाठींपासूनचं.

मधल्या काळात रॉबर्ट कोखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला (जागतिक क्षयरोग दिन त्याच तारखेला असतो) आणि १८९० मध्ये 'क्षयावर उपाय सापडला' म्हणाला. तो उपाय म्हणजे ट्युबरक्युलिन, जंतूंच्या वाढीचा उकळून गाळलेला ग्लिसरीनयुक्त अर्क. साऱ्या युरोपातून रोगी बर्लिनला लोटले. उपाय सपशेल फसला, काही रोगी उलट दगावले. पण ज्याच्या शरीरात जंतू आहे त्याला तो टोचला की प्रतिक्रिया उमटते, हे लक्षात राहिलं. १९०७-०८ मध्ये पिर्के आणि मांटू यांनी त्याचीच त्वचेवरची चाचणी बसवली. तेच ट्युबरक्युलिन शुद्ध करून आजही चाचणीला वापरतात. म्हणजे एकाच घराण्यातली दोन भावंडं: एक सिव्हिलच्या फ्रीजमध्ये, एक ताईंच्या बाटलीत.

दशमान

नळदुर्ग, झकास. आणि यातून माझा प्रश्न निघतो. थुंकी, फुफ्फुस, बैलाच्या गाठी, कोखचा अर्क, एवढे वेगवेगळे कच्चे माल. चित्र मात्र जवळपास एकच? कुत्र्याची भीती नक्की कशातून आली, थुंकीतून की बैलातून?

गोड_गोळी

चांगला प्रश्न आहे आणि आमच्यातही यावर वाद आहेत. यातली बरीच लक्षणं निरोगी लोकांवर औषध देऊन मिळालेली नाहीत. रोगी बरे होताना डॉक्टरांना जे जे दिसलं ते नोंदत गेले, त्यातून आली आहेत. ती कमी भरवशाची मानावीत असं म्हणणारे आमचे शिक्षकही होते.

शेंगाचटणी, रोजच्या बाटलीविषयी. त्या बहुधा साध्या गोळ्या असतील. नोसोडची एक मात्रा दिल्यावर पुढचे दिवस रोग्याला काहीतरी घेतल्याचं समाधान हवं म्हणून आम्ही औषध न घातलेल्या गोळ्या देतो. त्याला सॅक लॅक म्हणतात.

शेंगाचटणी

म्हणजे?? मी रोज सकाळी अनशापोटी, अर्धा तास आधी-नंतर काही न देता, मुलाला साखर चारतेय? आणि त्यासाठी घरातली फोडणी बंद?

दशमान

मी काही बोलत नाही. :)

कडकभाकरी

बोलू नकोस बे, लिहूलालास तेवढं बास आहे.

स्टेथो

मी बालरोगतज्ज्ञ. उशिरा वाचला धागा. होमिओपॅथी खरी का खोटी यावर इथं वर्षानुवर्षं भांडता येईल, मी त्यात पडत नाही. माझा जीव अडकला तो एका वाक्यात. मूल सारखं खोकतं, वजन वाढत नाही, घरात टीबीचा इतिहास आहे, आणि छातीला नळी लावली गेली नाही.

ताई, एवढं सांगा:
खोकला किंवा ताप सलग दोन आठवड्यांच्या वर राहिला होता का? गेल्या तीन महिन्यांत वजन वाढलं की नाही (शाळेच्या कार्डावर असतं)? मानेला गाठी लागतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सासऱ्यांचं सोडा, आत्ता, या घडीला, घरात किंवा रोजच्या उठबशीत कुणी खोकतंय का?

आजोबांचा जुना, उपचार झालेला टीबी नातवाच्या रक्तात उतरत नाही. टीबी हवेतून येतो, आत्ता खोकणाऱ्या माणसाकडून. लहान मुलाला टीबी सापडला की आम्ही घरात एक मोठा माणूस शोधतो आणि बरेचदा तो सापडतो.

शेंगाचटणी

डॉक्टर, खोकला आठवडाभर राहतो, मग थांबतो, मग परत. वजन जूनमध्ये होतं तेवढंच आहे. मानेला जबड्याखाली दोन्हीकडे बारीक गाठी लागतात, पण त्या पहिल्यापासून आहेत.

खोकण्याचं म्हणाल तर दीर. पूर्वभागात यंत्रमागावर आहेत. सणाच्या आधीपासून खोकतायत. तंबाखूचा आहे म्हणतात. लेक त्यांच्याच खोलीत झोपतो, काकाशिवाय त्याला झोप येत नाही.

स्टेथो

दिरांना आधी न्या. मुलाच्याही आधी. थुंकीची तपासणी सिव्हिलला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात होते, पैसे पडत नाहीत. दोन आठवड्यांच्या वर खोकला हे एवढं कारण पुरतं. मुलाला मांटू आणि छातीचा एक्स-रे. रिपोर्ट येईपर्यंत झोपायची खोली वेगळी.

गोड_गोळी, तुम्हीही अशा मुलाला आधी तपासायला पाठवाल ना?

गोड_गोळी

अर्थातच. टीबीचा संशय असला तर तपासणी आधी, आणि निघाला तर सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स. त्याऐवजी नोसोड देणारा माणूस गुन्हा करतो असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याच जुन्या ग्रंथांत वाढलेल्या क्षयात ट्युबरक्युलिनम देऊ नये म्हणून बजावलेलं आहे. आणि टीबीच्या बीसीजी लसीऐवजी नोसोड देतो म्हणणारे भेटले तर उलट्या पावली घरी या.

शेंगाचटणी

दीर तयार नाहीत. "मला टीबी? लोक काय म्हणतील, कारखानदार उद्यापासून येऊ नको म्हणेल." सासूबाई त्यांच्या बाजूने.

भोंगा

मी मिल कामगाराचा मुलगा. लिहीत नाही फारसं, पण हे वाचून राहवलं नाही.

माझ्या वडिलांना टीबी झाला तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज घ्यावी लागायची. महिनेच्या महिने. कंबर दगडासारखी झाली होती, सुई आत जायची नाही. नंतर काही दिवस मिरजेला वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये होते. घरात त्यांची थाळी-वाटी वेगळी, कोनाड्यात पालथी घातलेली. चाळीतल्या लोकांना 'दमा आहे' असं सांगितलेलं. चाळीतल्या प्रत्येक घरात असा एक 'दमा' होता.

आणि सगळाच टीबी नव्हता हेही खरं. ब्लो रूम, कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यांत असायचे त्यांच्या छातीत कापसाची पिंज जायची. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळायची, आठवड्यात हळूहळू सैल व्हायची. त्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा एकाच औषधाने दोघांना मारून मुटकून बरं करायचे, किंवा करायचे नाहीत.

ताई, दिरांना सांगा, ज्याला टीबी आहे आणि औषध चालू आहे तो बहुतेक वेळा काही आठवड्यांतच दुसऱ्याला रोग देणं थांबवतो. लपवतो तो देत राहतो. कारखानदाराला त्याची जास्त भीती वाटली पाहिजे. औषध सरकारी, आणि वर पोषणासाठी दरमहा खात्यात पैसे. आधी ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. सासूबाईंना टीबीचं नावच काढू नका. "नातवासाठी तपासायचंय, डॉक्टर घरातल्या सगळ्यांचं मागतायत" एवढंच म्हणा. नातवासाठी आजी दिराला हाताला धरून नेईल.

अकलूजची_माई

भोंगा, शेवटचं वाक्य लाख मोलाचं. आजी म्हणून सांगते, चालेल हे.

धागाराखण

पुण्यात_पळालेला, तुमचा 'सोलापूरची बस स्थानकं आणि क्षय' हा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवला आहे. चालू द्या.

शेंगाचटणी

चाललं! सासूबाईच घेऊन गेल्या. दिरांची थुंकी दोनदा दिली, ती मशीनवरची तपासणीही झाली. निगेटिव्ह आहे. जीव भांड्यात पडला.

मुलाला मांटू केली. सिस्टरनी हातावर बारीक सुई टोचली, संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा आला, त्याभोवती निळ्या पेनने गोल काढला आणि खाजवायचं नाही म्हणाल्या. मी विचारलं हे काय टोचलं, तर म्हणाल्या, "ट्युबरक्युलिन." मी नळदुर्ग यांचा प्रतिसाद आठवून हसले, तर सिस्टर माझ्याकडे बघायलाच लागल्या. लेक दोन दिवस बाही वर करून वर्गात गोल दाखवत फिरत होता. वाचलं तेव्हा ५ मिलिमीटर. एक्स-रे स्वच्छ.

स्टेथो

उत्तम. आपल्याकडे १० मिलिमीटर आणि वर असेल तर पॉझिटिव्ह धरतात. एक्स-रे स्वच्छ, दीर निगेटिव्ह, तेव्हा टीबीचा विचार सध्या बाजूला ठेवू. जबड्याखालच्या बारीक, हलत्या गाठी सारख्या सर्दीच्या मुलांत असतातच.

आता तुमच्या पहिल्या प्रतिसादातलं एक घेतो. झोपेत दात खातो म्हणालात. घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? रात्री उशी ओली होते का?

शेंगाचटणी

घोरतो ना, काकासारखाच. म्हणून तर दोघांचं जमतं. तोंड उघडंच असतं, लाळ गळते.

स्टेथो

मग नाकामागचे ॲडिनॉइड वाढले असण्याची दाट शक्यता. नाक बंद, म्हणून तोंडाने श्वास, सारखी सर्दी, झोप मोडते, झोपेत दात खाणं, सकाळी चिडचिड, वजन न वाढणं. बंद खोलीत घुसमटून खिडकी उघडायला लावत असेल तर तेही यातच बसतं. कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. बऱ्याचदा नाकातल्या फवाऱ्यावर काही आठवड्यांत फरक पडतो, सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही.

गोड_गोळी

सांगू की नको... वाढलेले ॲडिनॉइड आणि टॉन्सिल हे ट्युबरक्युलिनमच्या चित्रातच आहे. डॉक्टरांनी निवड चुकवली नव्हती.

दशमान

वा! म्हणजे आता फवाऱ्याने बरा झाला की श्रेय गोळीला.

गोड_गोळी

आणि फवाऱ्याने नाही झाला तर?

दशमान

तर गोळीने झाला नाही हेही सिद्ध होईल.

कडकभाकरी

तुम्ही दोघं लग्न का करत नाही बे.

भोंगा

ताई, पोराचं मार्गी लागलं, छान. पण दिरांची थुंकी निगेटिव्ह आली म्हणून त्यांचा खोकला थांबला नाही ना? मागावर नाकातोंडाला फडकं बांधतात का? सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त होतो का, विचारा. त्यांचा छातीचा एक्स-रे काढला का?

शेंगाचटणी

काढलाय काका. सोमवारी दाखवायचाय. फडकं बांधत नाहीत, गरम होतं म्हणतात. विचारते.